कळसूबाईच्या पलीकडची पांढरी वाईन

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असे मंडळाच्या चिटणीस ताईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात अहिल्यादेवी असाव्यात किंवा नगरचा भुईकोट किल्ला असावा. त्यावर लिहिणाऱ्या शिकल्या-सवरलेल्या भगिनी पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मला जे जवळून ठाऊक आहे ते द्राक्ष. माझे माहेर दिंडोरी तालुक्यातले आणि सासर हे असे अकोल्यात. मध्ये कळसूबाई. डोंगराच्या अलीकडे भात आणि नागली, पलीकडे द्राक्षांचे मांडव. आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्या मांडवांतून एक नवीन वस्तू निघाली आहे, ती म्हणजे पांढरी वाईन. दारूच्या विरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या मंडळाच्या स्मरणिकेत वाईनवर लेख, हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील हे मी जाणून आहे. परंतु ज्याच्याविषयी आपण गावसभेत बोटे वर करतो ते आहे तरी काय, कोठून आले, कोणी आणले, हे माहीत असलेले बरे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा घोळ. आपल्याकडे रस्त्यावर 'वाईन शॉप' अशी पाटी असते आणि आत व्हिस्की, रम, सगळेच मिळते. त्यामुळे वाईन म्हणजे कोणतीही महाग दारू, असा आपल्यातील पुष्कळ जणींचा समज आहे. खरी वाईन म्हणजे द्राक्षांचा आंबवलेला रस. त्यात वरून पाणी नाही, मळी नाही, भट्टीवर वाफ करून पुन्हा थंड करणे नाही. नगरच्या ख्रिस्ती भगिनींना हे सांगावे लागणार नाही. त्यांच्या मराठी बायबलात यासाठी 'द्राक्षारस' असा सरळ शब्द आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आले, तेव्हापासून हा शब्द आपल्या जिल्ह्यात प्रार्थनेच्या वेळी कानावर पडत आहे.

आणि आपणा बाकीच्यांच्या घरी द्राक्षारिष्टाची बाटली कधी ना कधी आलेलीच असते. बाळंतपणानंतर, अशक्तपणात, भूक लागत नाही म्हणून वैद्य ते देतात. मनुका, गूळ आणि मसाल्याची द्रव्ये भांड्यात घालून तोंड बंद करून महिनाभर ठेवायची, आणि आंबण्यासाठी धायटीची फुले टाकायची. ही धायटी आपल्या अकोल्याच्या डोंगरात उन्हाळ्याच्या तोंडी लालभडक फुललेली सर्वांनी पाहिली आहे. आंबल्यावर त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. चरकसंहितेत तर फळांमध्ये द्राक्षालाच श्रेष्ठ मानले आहे. तेव्हा द्राक्ष आंबवणे ही काही साहेबाने शिकवलेली विद्या नव्हे. चमचा आणि पेला यांत मात्र अंतर आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

आपल्या दख्खनच्या पठारावर द्राक्ष फार जुने आहे. महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला आणली, ही गोष्ट आपण शाळेत वाचली. त्या काळात इब्न बतूता नावाचा मोरोक्को देशचा प्रवासी इकडे येऊन गेला. दौलताबादेच्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीची ही नोंद वाचून माझ्या दादाला हसू आले. कारण द्राक्षाच्या वेलाची दोनदा छाटणी ही आजही आपल्या बागायतदाराची रोजची गोष्ट आहे. युरोपात थंडीत बर्फ पडते, वेल झोपी जातो, वसंतात उठतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे खुडतात. आपला वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पाऊस सरता सरता, ऑक्टोबरच्या सुमारास, गोडी छाटणी करून फळ धरायचे. वेल दोनदा फुटतो, आपण पीक एकदाच घेतो, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा त्यांच्याकडे वेलावर पानही नसते.

नाशिककडच्या बागांची हल्लीची कथा निफाड तालुक्यातील ओझरपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. तेथे १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली. त्या वेळच्या जाती म्हणजे भोकरी आणि फकडी, बियांच्या. १९६० नंतरच्या काळात बिनबियांचे थॉमसन आले आणि या बियांच्या जाती मागे पडत गेल्या. आपल्या राहुरीला कृषी विद्यापीठ १९६८ साली झाले, पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ साली. थॉमसन खायला उत्तम, बेदाण्याला उत्तम. वाईनला मात्र ते बेतास बात. तसे गोव्याची गोड पोर्ट वाईन किंवा नारायणगावला १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या मदतीने सुरू झालेली 'ओमर खय्याम' नावाची फसफसणारी पांढरी वाईन ही आधीची उदाहरणे आहेत. नारायणगाव आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर, पण ती बाटली परदेशी आणि मोठ्या हॉटेलांत जाई. नगरच्या माणसाने तिचे फक्त नाव ऐकले.

आता ज्या जातीविषयी मला मुख्यतः लिहायचे आहे ती. तिचे नाव शेनिन ब्लाँ. ब्लाँ म्हणजे पांढरे. दिसायला हे द्राक्ष पांढरे नसून पोपटी-पिवळसर, मणी लहान, आत बी, आणि घड इतका गच्च की मण्याला मणी दाबलेला. बाजारात मांडले तर कोणी उचलणार नाही. माझी वहिनी पहिल्यांदा पाहून म्हणाली होती, "हे काय करवंदाएवढे?"

शेनिनचे घर फ्रान्सात लुआर नदीच्या खोऱ्यात. तेथे ते शेकडो वर्षे लावतात. शास्त्रज्ञांनी अलीकडे द्राक्षवेलींच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा साव्हान्यँ नावाच्या एका जुन्या डोंगरी द्राक्षाशी त्याचे आई-लेकराचे नाते निघाले. हे साव्हान्यँ स्वित्झर्लंडमध्ये 'हायडा' या नावाने ओळखतात. तेथे फिस्परटर्मिनेन नावाचे गाव आहे, त्याचे मळे डोंगरउतारावर सुमारे ११५० मीटर उंचीपर्यंत चढत गेलेले आहेत. आपली कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे बारी गावातून निघून आपण लोखंडी शिड्यांपर्यंत दमत चढतो, तेवढ्या उंचीवर ती माणसे दगडी ताली घालून द्राक्षे पिकवतात.

मग साहजिकच प्रश्न येतो, आपल्या अकोल्याच्या डोंगरात का नाही? उत्तर पावसात आहे. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. रतनवाडी, घाटघर, भंडारदरा या पट्ट्यात जेवढा पाऊस पडतो त्यात भात पोसतो, द्राक्षाला डावणी आणि भुरी खाऊन टाकील. सह्याद्रीने पावसाचे पाणी अडवून घेतल्यावर पूर्वेला जो कोरडा पठारी पट्टा उरतो, तो द्राक्षाचा. दिंडोरी, निफाड, नाशिक हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. इगतपुरीच्या बाजूला, कळसूबाईच्या उत्तर अंगाला, सांजेगावाकडेही आता वाईनचे मळे झाले आहेत. उंचीचा आणि थंडीचा फायदा काय, हे मला दादाने समजावले. दिवसा ऊन पडले की मण्यात साखर उतरते. रात्र उबदार असेल तर आंबटपणा झपाट्याने निघून जातो. रात्र थंड असेल तर आंबटपणा टिकतो. जानेवारीत निफाडचा पारा किती खाली गेला ही बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात येते. त्या गारठ्याने खाण्याच्या द्राक्षाचे मणी तडकतात आणि बागायतदार रात्री शेकोट्या पेटवतो. वाईनच्या द्राक्षाला तोच गारठा मानवतो. एकाच थंडीने एका शेजाऱ्याची झोप उडावी आणि दुसऱ्याचे भले व्हावे, अशी ही मौज आहे.

शेनिनचा गुण हाच की उष्ण मुलखात गेले तरी ते आपला आंबटपणा सोडत नाही. म्हणून ते घर सोडून लांब जाऊ शकले. सतराव्या शतकात डच लोकांनी दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला वसाहत केली आणि तेथे द्राक्षवेल नेले. तेथली पहिली वाईन १६५९ च्या फेब्रुवारीत निघाली, अशी त्यांच्या अधिकाऱ्याची नोंद आहे. ही तीच डच कंपनी, जिची वखार आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला होती. शेनिन आफ्रिकेत इतके रुजले की लोक त्याचे मूळ नाव विसरले आणि त्याला 'स्टीन' म्हणू लागले. सासरी नाव बदललेल्या मुलीसारखेच म्हणा ना. पुढे १९६० नंतर तेथील जाणकारांनी ताडून पाहिले तेव्हा स्टीन म्हणजेच शेनिन हे सिद्ध झाले.

नाशिकला ते कसे आले? राजीव सामंत नावाचे एक तरुण अमेरिकेत शिकून, तेथे नोकरी करून परत आले. गंगापूर धरणाजवळ त्यांची घरची जमीन होती. आधी त्यांनी आंबे, मग खाण्याची द्राक्षे करून पाहिली. मग कॅलिफोर्नियातील केरी डॅम्स्की या जाणकाराच्या सल्ल्याने १९९७ च्या सुमारास शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या दोन फ्रेंच जातींचे वेल लावले आणि २००० साली पहिल्या बाटल्या विकायला काढल्या. कारखान्याला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले. आई सुलभा, म्हणून 'सुला'. एवढी एक गोष्ट मला ऐकूनच बरी वाटली. बाटलीवर आईचे नाव घालावे की नाही हा वादाचा विषय होईल, पण मुलाला सुचले तरी.

करण्याची रीत सोपी, पण जपणूक मोठी. साखर किती उतरली हे यंत्राच्या काचेतून पाहतात. खाण्याच्या द्राक्षाला अठरा-वीस अंश पुरतात, वाईनला बावीसच्या आसपास लागतात. तोडणी पहाटे, अंधारात, म्हणजे घड गार असतानाच कारखान्यात पोचावा. मग हलकेच दाबून रस काढतात आणि साले, बिया लगेच बाजूला करतात. पांढऱ्या आणि तांबड्या वाईनमधील मुख्य फरक हाच. तांबडी वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो आणि कच्च्या जांभळासारखा तुरटपणा येतो. काळ्या द्राक्षाचीही साल लगेच काढून टाकली तर वाईन पांढरी निघते, हे ऐकून मला नवल वाटले. नंतर तो रस पोलादी टाक्यांत बारा-पंधरा अंशांच्या गारव्यात ठेवून किण्व घालून आंबवतात. इडलीचे पीठ उन्हाळ्यात चार तासांत फसफसून वर येते आणि थंडीत सावकाश, पण चवदार आंबते, त्यातलाच प्रकार. साखर पुरी संपू दिली तर वाईन कोरडी होते, थोडी राखली तर किंचित गोड. शेनिनची नाशिकला बहुधा थोडी गोडी राखतात. एका बाटलीला सुमारे सव्वा किलो द्राक्षे लागतात. आणि जुनी दारू चांगली असे जे म्हणतात ते हिला लागू नाही. ही वर्ष-दोन वर्षांत, थंडगार पिण्याची वस्तू आहे.

माझी भाची नाशिकला अशाच एका कारखान्यात पाहुण्यांना चव समजावून सांगण्याच्या कामावर आहे. हो, अशीही नोकरी असते, आणि मुलगी ती नीट करते. तिने मला पेला हुंगायला दिला. पिकल्या पेरूचा वास होता, मागे थोडा मधाचा. चमचाभर चाखलेही. कैरीच्या पन्ह्यात गूळ जरा कमी पडला तर जशी जीभ चटकन जागी होते, तसे वाटले, आणि घशात थोडी ऊब.

कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन, याचे मोठे शास्त्र आहे असे ती म्हणाली. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात वितळवलेल्या चीजबरोबर पांढरी वाईन घेतात, कारण चीजचा तुपकटपणा वाईनच्या आंबटपणाने कापला जातो. शेनिन तळलेल्या माशाबरोबर, भज्यांबरोबर, पनीरबरोबर, ढोकळ्याबरोबर लागते. मी तिला म्हटले, "अगं, यात शास्त्र कसले? ताटात डावीकडे लिंबाची फोड आणि कोशिंबीर कशाला वाढतात?" तळणाला आंबट, तिखटाला गोड, पुरणपोळीबरोबर कटाची झणझणीत आमटी, ही जुळणी आपल्या आयांनी कोणत्या पुस्तकात वाचली होती? भाचीला ते पटले. मग तिनेच एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. मद्यार्क तिखटाची आग वाढवतो. आणि तांबड्या वाईनचा तुरटपणा मिरचीबरोबर जिभेला अधिकच टोचतो. म्हणून आपल्या मसाल्याच्या जेवणाला थोडी गोडी राखलेली, गार, कमी कडक पांढरी वाईन त्यातल्या त्यात चालते. मी मुद्दाम विचारले, "आपल्या मासवडीच्या रश्श्याबरोबर?" तर म्हणाली, "आत्या, वडी कोरडी खाल्ली तर जमेल. तीळ-खोबऱ्याच्या सारणाला आंबटगोड बरे लागेल. रस्सा ओतला की संपले." हुलग्याच्या शेंगोळ्यांविषयी तिने हातच जोडले. मला तर वाटते, आपल्या नगरी जेवणाला पाहुण्याची गरज नाही. कांदा, लिंबू आणि गार ताक पुरेसे आहे.

एवढे झाले गोडवे. आता हिशेबाकडे वळते.

राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. महाराष्ट्रात तयार होणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. शेतकऱ्याच्या द्राक्षाला हमखास गिऱ्हाईक मिळेल, असे सांगण्यात आले. भराभर कारखाने निघाले. आमच्या दादानेही दोन एकरांतले थॉमसन काढून शेनिन लावले. डॉगरीज खुंटावर कलमे भरली. कारखान्याशी करार झाला, भाव ठरलेला. तीन हंगाम चांगले गेले. खाण्याच्या द्राक्षाइतकी फवारणी, विरळणी, घड बुडवणे हे काही नाही, म्हणून वहिनीच्या कमरेलाही विसावा मिळाला. घराची पुढची भिंत विटांची झाली ती त्याच पैशांतून.

मग २००८ साल आले. जगभर मंदी, आणि नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला. हॉटेले ओस पडली, परदेशी पाहुणे येईनात, बाटल्या गोदामात साचल्या. पुढच्या हंगामात ज्या कारखान्याशी करार होता त्याने माल उचलला नाही. आज येतो, उद्या येतो. आधीच्या मालाचे पैसेही अडकले. मी तेव्हा माहेरी गेले होते. द्राक्ष वेलावर सुकू लागले होते, मधमाश्या आणि गांधीलमाश्या घोंघावत होत्या. थॉमसन असते तर निदान बाजार समितीत गेले असते, नाहीतर ओट्यावर टाकून बेदाणा झाला असता. या बारीक, बियांच्या द्राक्षाला वाईनवाचून दुसरे दारच नाही. शेवटी गुरांना घातले. म्हशींनी दोन दिवस खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी तोंड फिरवले. २०१० साली दादाने बाग उपटली. तो एकटा नव्हता, त्या काळात नाशिककडे कितीतरी बागा अशाच उपटल्या गेल्या.

हे मी एवढ्यासाठी सांगते की, पुढे २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पुन्हा तेच कारण दिले गेले: शेतकऱ्याचे हित. आपल्या जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध १४ फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली. ज्या गावाने १९७० च्या दशकात दारूच्या भट्ट्या मोडल्या, त्या गावाचा शब्द होता तो. आदल्या दिवशी ग्रामसभेने अण्णांना वयाकडे पाहून थांबायची विनंती केली आणि त्यांनी ती मानली. त्याच वर्षी सरकारही बदलले आणि तो निर्णय मागे पडला. आपल्या मंडळात त्या आठवड्यात किती वादावादी झाली हे सर्वांना आठवत असेल. मी दोन्ही बाजूंची माणूस, त्यामुळे माझी मोठी अडचण झाली. दिंडोरीच्या वहिनीचा फोन यायचा, "तुम्ही बायका कशाला आडव्या येता?" आणि इकडे आपल्याच आळीतल्या दोन घरांत रात्री काय चालते ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचे.

शेतकऱ्याचे हित म्हणावे तर, आपल्या राज्यात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी बहुतेक सगळी खाण्याला जातात, उरलेली बेदाण्याला. वाईनला जाते ते फारच थोडे. आणि जे जाते त्याच्या शेतकऱ्याला करारातून उठवून उभे करणारे कोणी नव्हते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. दुकानाच्या फळीवर बाटली ठेवल्याने हमी मिळत नाही, करार पाळला गेल्याने मिळते. त्याविषयी त्या निर्णयाच्या वेळी मी फारसे काही ऐकले नाही.

दुसरे, त्या दिवसांत पुष्कळ पुढारी म्हणाले की वाईन म्हणजे दारू नव्हे. येथे मी सातवीचे गणित करून दाखवते. वाईनची बाटली ७५० मिलिलिटरची, त्यात मद्यार्क शेकडा बारा. म्हणजे ९० मिलिलिटर. देशी दारूची क्वार्टर १८० मिलिलिटरची, त्यात मद्यार्क शेकडा बेचाळीसच्या वर. म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर. ज्याने एका बैठकीला पुरी बाटली वाईन संपवली, त्याच्या पोटात देशीच्या क्वार्टरहून अधिक मद्यार्क गेला. तो द्राक्षाचा की मळीचा, हे यकृताला कळत नाही. आपल्या जिल्ह्याला मळी काही नवी नाही. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, मग जिल्हाभर कारखाने झाले. साखर निघते तेथे मळी निघते, आणि मळीपासून मद्यार्क होतो. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि १९७० नंतर देशी दारूची सरकारी परवान्याची दुकाने आली, हे आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना ऐकून ठाऊक आहे. त्यानंतरच आडव्या आणि उभ्या बाटलीच्या मतदानाची वेळ बायकांवर आली. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही.

माझे मत असे, आणि ते मंडळाचे नसून माझे एकटीचे आहे. वाईन करणारा शेतकरी किंवा कारागीर यांना मी हलके मानत नाही. ते कसब आहे, आणि माझी भाची त्यावर स्वाभिमानाने पोट भरते. पण किराणा दुकानात साखर-चहाच्या शेजारी ती बाटली मांडायला माझा विरोध तेव्हाही होता, आजही आहे. दुकानात आपण मुलाला हात धरून नेतो. ज्याला घ्यायची आहे त्याने चार पावले वेगळ्या दुकानात जावे. वहिनीला मी हेच सांगितले. ती महिनाभर बोलली नाही, मग अक्षय्य तृतीयेला तिनेच फोन केला.

दादाच्या त्या दोन एकरांत आता पुन्हा थॉमसन आहे. शेनिनची एक ओळ मात्र विहिरीच्या बाजूला राहून गेली, उपटायला आलेला ट्रॅक्टर तेथे वळत नव्हता म्हणून. मार्चमध्ये वहिनी ते घड काढते, मणी हाताने चुरून मंद आचेवर उकळते, जाड फडक्यातून गाळून बिया-साली काढून टाकते आणि थोडे आले, चिमूटभर सैंधव घालून सरबत करते. साखर घालावी लागत नाही. हे सरबत बाटलीत भरून थंड ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे, नाहीतर ते आपल्या मूळ वळणावर जाऊ लागते. मागच्या उन्हाळ्यात तिने दोन बाटल्या एस्.टी.तून इकडे पाठवल्या होत्या. हळदीकुंकवाला ज्यांनी ते प्याले आणि कसले म्हणून विचारले, त्यांना आता कळेल की ते शेनिन ब्लाँ होते.